बुश टिकेनात

दिवाकरनची गाडी चर्चच्या उतारावरून खाली येऊ लागली की एलीकुट्टीला ती न बघताच कळायचं. बाकीच्या गाड्या नुसत्या येत नि जात. ही मात्र कोणीतरी पितळी ताटलीत सुपाऱ्या घेऊन धावत सुटावं तशी वाजत यायची. रबराची ओली शीट दोरीवर टाकता टाकता एलीचा हात थांबला. वर्षभरात ही तिसरी वेळ.

"अच्चाया," तिने शेडमध्ये नवऱ्याला हाक दिली, "आला तो."

गाडीखाली उताण्या पडलेल्या उलहन्नानचे फक्त पाय बाहेर दिसत होते. "कोण तो?"

"तुम्हाला माहीत आहे कोण ते."

इल्लिक्कवल्याच्या तिठ्यावर त्या काळी अकरा टॅक्स्या उभ्या असत. सगळ्या काळ्या अंगाच्या, पिवळ्या टपाच्या ॲम्बॅसेडर, आणि सगळ्या उलहन्नानच्याच हातच्या. एकतीस वर्षं त्याने त्या घाटरस्त्यांवरच्या गाड्या चालत्या ठेवल्या होत्या. गाव त्याला आशान म्हणायचं, म्हणजे उस्ताद, आणि एलीला चेडत्ती, म्हणजे वहिनी. पाटी कधी लावली नव्हती. घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात खोदलेला खड्डा, खड्ड्याशेजारी रबराच्या शीटा लाटायचा एलीचा रूळ, आणि त्यापलीकडे दीडशे रबराची झाडं, जिथे एली पहाटे चीक काढायला जायची. झाडं तिची, गाड्या त्याच्या, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरून गेली होती आणि दोघांनीही ती कधी मोडली नव्हती.

दिवाकरन गाडीतून उतरला आणि त्याने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर एलीला बरं वाटलं असतं.

"आशान," तो म्हणाला, "माझं पुढचं चाक परत स्वतःच्या मनाने चालायला लागलंय."

"काय झालं?"

"काल कारोट्टूंच्या सुनेला पोटात दुखायला लागलं म्हणून घेऊन चाललो होतो. देवळाच्या वळणावर ब्रेक मारला, तर गाडी म्हणते, मी दरीकडे जाते. पोरीची आई मागे जपमाळ ओढत बसलेली. ती म्हणाली, बाबा, माझी माळ संपायच्या आत पोचव, मग कुठेही जा."

"पोचलात ना?"

"पोचलो. मुलगी झाली. आईनं नाव काय ठेवायचं ते मलाच विचारलं, पण तेव्हा मला माझंच नाव आठवेना." दिवाकरनने कमरेचं मुंडू गुडघ्यावर दुमडून घेतलं. "आशान, स्टँडवर लोक बोलतायत."

"काय बोलतायत?"

दिवाकरन एलीकडे बघू लागला, जणू ते तिने सांगावं. एली म्हणाली, "बोल की. इथे कोण परका आहे?"

"म्हणतायत, आशानचे डोळे गेले. म्हणतायत, बुश बसवतात की नुसता डबा दाखवतात कोण जाणे. मी नाही म्हणत हं, चेडत्ती. पैली म्हणतो."

बुश म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतो तिथे मधे बसवलेली रबराची जाड काळी कडी. खड्ड्याचा दणका तिने गिळायचा, लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही. पाच-सहा वर्षं ती सहज गिळते. दिवाकरनच्या गाडीत चार महिनेही गिळेना.

उलहन्नानने गाडी वर उचलली, बोल्ट काढले आणि दोन्ही कड्या हातात घेऊन खड्ड्यातून बाहेर आला. ऑगस्टमध्ये बसवलेल्या. कडेने फुगून बाहेर आलेल्या, मधे भेगा. अंगठा दाबला तर अति पिकल्या केळ्यात जावा तसा आत गेला. त्याने त्या खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात टाकल्या, जिथे आधीच्या चार पडल्या होत्या.

त्या दिवशी तो जेवायला बसला, पण कप्पाच्या उकडलेल्या कंदाचे तुकडे नुसते मिरचीच्या चटणीत फिरवत राहिला. नाताळाआधीचा पंचवीस दिवसांचा उपास लागलेला होता, ताटात दुसरं काही नव्हतंच.

"एली," तो म्हणाला, "मी नाताळपर्यंत बघतो."

"काय बघता?"

"कारण सापडतं का ते. नाही सापडलं तर शेडला कुलूप. मलबारला भावाकडे, मत्तायीकडे जाऊ, मिरीचे वेल बांधू. माझ्या हाताने बसवलेल्या चाकामुळे एखादी पोटुशी बाई दरीत गेली, तर मी कुठल्या तोंडाने चर्चमध्ये कबुली द्यायला बसू?"

एलीने पाण्याचा गडू पुढे सरकवला. मलबारचं नाव त्याने याआधी रागाच्या भरात खूपदा घेतलं होतं. आज रागात नव्हता, म्हणून ती घाबरली.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये त्या कड्यांखेरीज दुसरा विषय राहिला नाही. दिवाकरनची गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी, आणि दिवाकरन रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन तिच्या शेजारच्या बाकड्यावर. भाडं नाही, काम नाही. एली दोघांना काळी कॉफी नेऊन द्यायची आणि रूळ फिरवता फिरवता ऐकायची.

"माल खोटा असणार," दिवाकरन म्हणायचा.

"पहिला जोड कोट्टयमचा. दुसरा मी स्वतः एर्नाकुलमला जाऊन आणला. तिसरा तुझा मेहुणा मद्रासहून घेऊन आला. तिन्ही गावांनी मिळून तुझ्याविरुद्ध कट केलाय का?"

"मग रस्ता."

"रस्ता अकरा जणांना सारखाच आहे."

"मग माणसं. मी नऊ-नऊ जण बसवतो."

"पैली अकरा बसवतो. वर टपावर शेळी. त्याचे बुश सात महिने चालले."

"म्हणजे शेळीने फरक पडतो," दिवाकरन विचारात पडून म्हणाला. थट्टा की खरंच, ते एलीला कळलं नाही.

मग उलहन्नान स्वतःवर घसरायचा. पाला गावात त्याचा उस्ताद होता, इट्टियवीरा आशान. त्याचं एकच पालुपद: गाडी आधी तिच्या पायांवर उभी कर, मग बोल्ट आवळ. चाकं लोंबकळत असताना आवळलास तर गाडी खाली टेकल्यावर रबराला पीळ पडतो, आणि तो पीळ ते मरेपर्यंत सोसत राहतं. म्हणूनच घाईत काम करणाऱ्यांच्या कड्या लवकर फाटतात. उलहन्नानने एकतीस वर्षांत एकही बोल्ट लोंबकळत आवळला नव्हता. आता त्याचीच त्याला खात्री वाटेना.

"एली, मागच्या वेळी मी गाडी खाली घेतली होती ना? आठवतं तुला?"

"घेतली होती. शिवाय मला आणि दिवाकरनला आत बसवलं होतंत, वजन पाहिजे म्हणून. मी मागे होते. घमेल्यात ओल्या शीटा होत्या, त्या पण मांडीवर घ्यायला लावल्यात."

"नक्की?"

"माझं नवं मुंडू खराब झालं, ते अजून धुवून निघालं नाही. विसरेन का मी?"

दिवाकरनने एका सकाळी घसा खाकरून सुचवलं की पोन्कुन्नमला एक ज्योतिषी आहे, विचारून बघायला काय हरकत. उलहन्नानने पाना खाली ठेवला. "बुशची पत्रिका कुठून आणू?" दिवाकरन पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

त्याच आठवड्यात कुरियन सर आपली राखी गाडी घेऊन आले. निवृत्त गणिताचे मास्तर, गावातले सर्वांत चिकट गृहस्थ. गाडीच्या पोटाला नऊ पावसाळ्यांचा लाल चिखल वाळून दगड झालेला. हॉर्न वाजत नाही एवढीच त्यांची तक्रार. उलहन्नानने हॉर्न नीट केला आणि न राहवून खाली वाकला. मग झोपला. मग स्क्रूड्रायव्हरने चिखल खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"हॉर्न वर असतो रे, उलहन्नान," सर म्हणाले.

तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर लाल माती आणि डोळ्यांत काहीतरी हरवल्यासारखं. "सर, तुमचे बुश कधी बदलले?"

"बदलायचे असतात?"

"नऊ वर्षं झाली. काळे कुळकुळीत, ठणठणीत आहेत. तुम्ही करता काय या गाडीचं?"

"काही नाही. का, काय करायला हवं?"

"धुता?"

"पावसात उभी करतो."

"रस्ता कुठला?"

"तुझ्या टॅक्स्यांचाच. दर शनिवारी बहिणीकडे, देवळाच्या वळणावरून."

सर हॉर्न वाजवत निघून गेले. उलहन्नान खडू घेऊन पत्र्यावर नावं लिहीत बसला. कोणाची गाडी किती वेळा शेडला येते, कोणाचे बुश किती महिने चालतात. एली मागे येऊन उभी राहिली. दिवाकरन सर्वांत वर. मग पैली, मग वासू, मग दोघे-तिघे. तळाला कुरियन सर. जो जास्त येतो त्याचं आधी जातं. जो येतच नाही त्याचं जातच नाही.

"याचा अर्थ काय?" तो म्हणाला.

एलीच्या तोंडून निघून गेलं, "अर्थ काय असणार? तुमच्याकडे येतात म्हणून बिघडतात."

ती थट्टा होती. पण उलहन्नानने खडू खिशात ठेवला, हात पुसले आणि झाडांमध्ये निघून गेला. त्या रबराच्या झाडांमध्ये तो वर्षातून दोनदासुद्धा जात नसे. एलीला आपली जीभ कापून टाकावीशी वाटली.

ती रुळाकडे वळली. ताटांमध्ये जमलेला चीक दह्यासारखा घट्ट झाला होता, त्याला पुढे थांबवता येत नव्हतं. पहिलीच शीट रुळात घातली तर रूळ डुगडुगायला लागला. एका पायाखालची फळी कुजली होती. पाचर म्हणून काहीतरी हवं होतं. तिने शेजारचा खोबरेलचा डबा ओतला आणि त्यातल्या काढून टाकलेल्या कड्यांपैकी एक उचलली. दाबून बसवायला गेली, तर कडी अंगठ्याला चिकटून वर आली.

एलीने अंगठा ओढला. पुन्हा दाबला. पुन्हा चिकटला.

हे चिकटणं तिला ओळखीचं होतं. कुठलं ते आठवायला तिला क्षणभर लागलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी रुळाचं दातेरी चाक कुरकुरतं म्हणून तिने त्याला सढळ हाताने ग्रीस लावलं होतं. थेंब थेंब ते शीटांवर उतरलं. आठवड्याने व्यापाऱ्याने एक शीट उजेडासमोर धरली, वास घेतला, आणि चाळीसच्या चाळीस बाजूला भिरकावल्या. प्रत्येकीवर मऊ, चिकट डाग होते, बोट लावलं की दोरा निघावा असे.  घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरी, रबराला पाणी चालतं, धूर चालतो, आम्लसुद्धा चालतं. तेल चालत नाही. तुझ्या आईने एवढंही सांगितलं नाही?" तेव्हापासून एली त्या चाकाखाली ग्रीस झेलायला माडाची पोय बांधायची, आणि केसांना तेल लावलं तर हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय चिकाला शिवायची नाही. त्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तिने कडी नाकाशी नेली. जळक्या तेलाचा आणि डिझेलचा वास आला. हा वास तर शेडचाच होता, घराचाच होता. अगदी रविवारीसुद्धा नवऱ्याच्या अंगाला यायचा.

त्या मुलखात सहा महिने पाऊस. गाडीचं पोट गंजून गळून पडायचं. म्हणून गाडी धुतली की इंजिनातलं काढलेलं काळं तेल डिझेलमध्ये पातळ करून खालून फवारायची पद्धत होती. सगळीकडे होती. बाकीचे मेकॅनिक त्याचे वेगळे पैसे घ्यायचे, उलहन्नान स्टँडच्या गाड्यांना फुकट मारून द्यायचा. तीच त्याची शान होती.

तो झाडांतून परत आला तेव्हा एली वाटेतच उभी होती.

"हे हुंगा."

"एली, मला आता नको काही."

"हुंगा म्हणते ना."

त्याने हुंगलं. "तेल आहे. गाडीखालची वस्तू, तेलाचा वास येणारच."

"अच्चाया, रबर आहे ते."

"ते रबर म्हणजे तुझं रबर नव्हे. कारखान्यातलं आहे ते."

"आणि कारखान्यात काय आकाशातून पडतं? माझ्याच झाडाचं जातं ना?"

 उलहन्नानने शेवटचा मुद्दा काढला. "स्प्रे तर मी पहिल्यापासून मारतोय. इट्टियवीरा आशान मारायचे. तेव्हा कसे टिकायचे?"

एली कडी पुन्हा हुंगू लागली.   इतक्यात बाकड्यावरून, वर्तमानपत्रामागून, दिवाकरनचा आवाज आला.

"तेव्हा कुंचल्याने लावायचात, आशान. पावसाच्या आधी एकदा. मशीन तर परवा आलं."

मशीन म्हणजे कंप्रेसर. दोन वर्षांपूर्वी भाचा कुवेतहून आला तेव्हा मामाला भेट म्हणून घेऊन दिला. तेव्हापासून उलहन्नानला स्प्रे मारण्याचा नुसता छंद लागला होता. वर्षातून एकदाच्या जागी महिन्यातून एकदा. फवारा बारीक धुक्यासारखा, जिथे कुंचला कधी पोचला नाही तिथेही जाऊन बसणारा.

"आणि माझ्या गाडीला," दिवाकरन म्हणाला, "दर आठवड्याला."

"तुला त्रास होता म्हणून," उलहन्नान अगदी हळू म्हणाला. "मी नळी मुद्दाम बुशवर धरायचो. म्हटलं, तेवढंच जपलं जाईल."

तरी त्याला पटत नव्हतं. पटवून घ्यायचं नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्याने नवी कोरी कडी काढली, तिच्या लोखंडी नळीत बसते ना ते बघितलं आणि स्प्रेच्या तेलात बुडवली. तिची जोडीदारीण एलीने पाण्यात टाकली. सोमवार संध्याकाळ होती. मंगळवारी त्याने चारदा डब्यात डोकावलं. बुधवारी सकाळी दोन्ही बाहेर काढल्या. पाण्यातली होती तशीच होती. तेलातली नळीच्या तोंडाशी अडकून राहिली. त्याने ती फिरवून बघितली, उलटी करून बघितली, हातोडीने हलके ठोकून बघितली. मग नळी बदलून बघितली. ती फुगली होती, बाकी काही नाही.

तो खड्ड्याच्या काठावर बसला.

"मला समजत नाही," तो म्हणाला. "गंज लागू नये म्हणून मारायचं, की रबर जाऊ नये म्हणून नाही मारायचं? कुरियन सरांच्या गाडीला मी हात लावला नाही, ती बरी. ज्याला मी सर्वांत जपलं त्याला दरीत घालत होतो. एली, तू आयुष्यभर माझ्या शेजारी उभी आहेस. तुला कसं दिसलं नाही?"

"तुम्हाला तरी कुठे दिसलं? मला ती पांढरी शीट दिसायची, तुम्हाला ती काळी कडी. एकच आहे असं मनातच आलं नाही."

थोड्या वेळाने ती शेजारी बसली. दिवाकरन चहाला गेला होता, तेवढ्यात बोलून घ्यावं म्हणून म्हणाली, "हे गावभर करायची गरज आहे का? दिवाकरन आपला आहे, तो बोलणार नाही. स्प्रे बंद करा. मशीन मोडलं म्हणा. नव्या कड्या टिकतील, नाव परत येईल, मलबारला जायला नको."

उलहन्नानने तिच्याकडे बघितलं. "आणि बाकीचे दहा? त्यांच्या कड्या आत्ता या घडीला मऊ पडलेल्या आहेत. पैली शेळीसकट त्या वळणावर असेल."

त्याने फुगलेली कडी कागदात गुंडाळली आणि शर्ट घातला. एली मागोमाग निघाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

स्टँडवर आठ गाड्या होत्या. उलहन्नानने कडी पैलीच्या बॉनेटवर ठेवली आणि सगळं सांगितलं. गोष्टी सांगायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे मधेच इट्टियवीरा आशान आले, मधेच चाळीस शीटा आल्या, आणि शेवटी "चूक माझी" हे तर त्याने दोनदा सांगितलं. ऐकणाऱ्यांचे चेहरे कोरे.

पैली पहिला बोलला. "आशान, फुकट मारणं जमत नसेल तर सरळ सांगा की. एवढं पुराण कशाला?"

दोघे-तिघे हसले.

"पैली, फुकट नव्हे, तू पैसे घेऊन आलास तरी मारणार नाही."

"म्हणजे गाडी गंजू दे?"

"लोखंडाला मी कुंचल्याने लावीन. रबराला सोडून."

"एकतीस वर्षं तेल मारा म्हणालात. आता तेल विष आहे म्हणता. उद्या म्हणाल पेट्रोल घालू नका."

वासू म्हणाला, त्याच्या मेहुण्याच्या गावात सगळे स्प्रे मारतात आणि सगळे सुखी आहेत. दुसरा म्हणाला, आशानचे डोळेच नाही, इतरही काही गेलं असावं. एलीला हे ऐकू आलं आणि तिने खांद्यावरचा शेला घट्ट धरला. फक्त दिवाकरनने बॉनेटवरची कडी उचलली, अंगठा दाबला आणि तो आत गेलेला बघत राहिला.

"देवळाच्या वळणावर मी आणि ही," तो स्वतःशीच म्हणाला. मग वर बघितलं. "आशान, माझी गाडी कधी?"

"आज बसवतो. चार वाजता ये."

"मशीन लांब ठेवा."

तेवढ्यावर सभा मोडली. त्या आठवड्यात त्या दहापैकी चौघे गाडी घेऊन शेडला आले, तेही इकडेतिकडे बघत, चोरून आल्यासारखे. चौघांच्याही कड्या मऊ निघाल्या. बाकीचे सहा आले नाहीत. पैलीने तर पोन्कुन्नमला जाऊन स्प्रे मारून आणला आणि येताना मुद्दाम शेडसमोरून गेला.

नाताळ तीन दिवसांवर आला तेव्हा एलीने कपाटावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून पुसली. मलबारला जायचं की नाही, हे तिला विचारवत नव्हतं.

"ती कशाला काढलीस?" उलहन्नानने विचारलं.

"तुम्ही नाताळ म्हणाला होतात."

"सहा जण राहिलेत ना अजून," तो वैतागून म्हणाला, जणू ही साधी गोष्ट तिला कळायला हवी होती, आणि टॉर्च घेऊन बाहेर पडला.

तासाभराने एली मासळी बघायला तिठ्यावर गेली, उपास सुटायच्या दिवसाची सोय करायला. स्टँडवर गर्दी जमलेली. पैली हातात चहाचा ग्लास घेऊन स्वतःच्याच गाडीभोवती फिरत होता. एक प्रवासी बॅग आणि कोंबडी घेऊन ताटकळत उभा, आणि गाडीखालून दोन ओळखीचे पाय बाहेर आलेले.

"चेडत्ती, यांना सांगा," पैली म्हणाला. "मी चहाला काय गेलो, न विचारता खाली शिरले. माझं भाडं उभं आहे."

"गाडी सुरू कर की मग," कोणीतरी म्हणालं.

"कशी करू? खाली माणूस आहे."

प्रवाशाने एलीला विचारलं, गाडी जाणार आहे की नाही. एलीला खरंच माहीत नव्हतं. तिने खाली वाकून बघितलं. उलहन्नान टॉर्च दातांत धरून अंगठ्याने काहीतरी चाचपत होता.

"अच्चाया, बाहेर या. लोक बघतायत."

त्याने टॉर्च तोंडातून काढली. "डावीकडची गेली," तो म्हणाला. "उजवीकडची बघू दे."